अल्गोल मंदच होता

८ नोव्हेंबर, शनिवार

मंद होता म्हणजे मंदच होता! वीस माणसांसमोर दादाने मला वेड्यात काढलं म्हणून तारा काही उजळत नाही.

झालं असं. वाचनालयाच्या गच्चीवर दर शनिवारी दादा नवशिक्यांना आकाश दाखवतो. मोजणी खात्यातून निवृत्त झाल्यापासून चार वर्षं हेच चाललंय. सगळे त्याला 'सर' म्हणतात. मी यंदा पहिल्यांदाच जायला लागले – पन्नाशीला टेकल्यावर, दोन्ही मुलं मार्गी लागल्यावर. आज ययाती तारकासमूहातले तारे होते. हिरवा लेझर फिरवत दादा म्हणाला, "हा मिर्फाक, हा अल्गोल. दोघांच्या तेजात उन्नीस-बीसचा फरक."

मी म्हटलं, "दादा, कुठे? अल्गोल तर पार उतरलाय. त्याच्या शेजारच्या त्या बारक्या ताऱ्यापेक्षा जरासा बरा, इतकंच."

तो वर न बघता म्हणाला, "बाई माझे, हे दातांचं दुकान नाही, आकाश आहे. चष्म्याचा नंबर तपासून घे!"

हशा! बसचा ड्रायव्हर तर गुडघ्यावर हात मारून हसत होता. औषधांच्या दुकानातली बाई तेवढी गप्प होती. वहिनी नेहमीसारखी दादाच्या कोपराशी चिकटून उभी, जमिनीकडे बघत. मोठ्ठी पतिव्रता!

तळपायाची आग मस्तकात गेली. घरी आल्यावर नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "तारा बिघडला असेल तर तू काय दुरुस्त करून देणार आहेस?" त्याच्याशीही बोलणं बंद.

९ नोव्हेंबर

रात्रभर तेच. दातांचं दुकान म्हणे!

सव्वीस वर्षं लॅबमध्ये दात बनवतेय. शेजारच्या खऱ्या दाताशी खोट्याचा रंग जुळवायचा, तोही असा की आरशात बघून माणसालाच कळू नये. पांढऱ्याच्या सोळा छटा असतात, आणि त्या मी झोपेतही वेगळ्या काढीन. डॉक्टर लोक शेड चुकीची लिहून पाठवतात तेव्हा फोन करून मीच सांगते, परत बघा. आणि मला हा सांगतो चष्म्याचा नंबर!

लहानपणीही हेच. हा आकाश बघणार, मी टॉर्चला लाल कागद लावून उभी राहणार. "हलू नकोस, धाकटे. कागद सरकला तर डोळे परत अंधाराला सरावायला वीस मिनिटं जातात." एकदा तरी म्हणाला का, ये, तूही बघ?

११ नोव्हेंबर, मंगळवार

बाल्कनीतला दिवा काढला, पंधरा-वीस मिनिटं नुसती अंधारात बसले. सात वाजता बघितलं – आजही मंद! मग मी दातांसारखंच केलं. शेजारचे दोन तारे धरले, एक वरचढ आणि एक उणा, आणि अल्गोल त्या दोघांत कुठे बसतो ते लिहिलं. टक लावून बघायचं नाही, नजर किंचित बाजूला ठेवायची, मग बारके तारे नीट दिसतात. (हेही दादानेच शिकवलंय, नाकारत नाही.)

नऊला तेजात थोडा वर आला. दहाला आणखी. साडेदहाला त्या वरचढ ताऱ्याच्या अगदी जवळ पोचला.

माझ्या डोळ्यांदेखत तारा उजळला! एका संध्याकाळीत! मी बाल्कनीत एकटीच टाळ्या वाजवल्या. आतून नवरा: "काय झालं?" म्हटलं, दुरुस्त केला.

१४ नोव्हेंबर

दुपारी लॅबमधून निसटून वाचनालयात गेले. नवशिक्यांसाठीचं जुनं पुस्तक निघालं. पान उघडलं आणि कपाळावर हात मारला. मला वाटत होतं मी काहीतरी शोधलंय! शेकडो वर्षांपासून माहीत आहे सगळ्या जगाला. अल्गोल हा दिसतो एक, पण असतात दोन. एक झळझळीत, एक मिणमिणता, एकमेकांभोवती फिरतात. मिणमिणता पुढे आला की झळझळीत झाकला जातो. दर दोन दिवस, वीस तास, एकोणपन्नास मिनिटांनी.

ठीक. शोध नाही तर नाही. मी पाहिला तर खरा.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. त्या ओळीखाली पेन्सिलची रेघ, आणि समासात बारीक ताठ आकडे – दादाचे! मोजणीच्या नकाशावर काढायचा तसलेच. तारखा, वेळा, किती मंद होता, सगळं. नऊ वर्षांपूर्वीचं.

म्हणजे त्याला माहीत होतं. माहीत असून माझं हसं केलं!

१५ नोव्हेंबर, शनिवार

गेलेच नाही गच्चीवर.

२२ नोव्हेंबर, शनिवार

गेले. मुद्दाम मागे उभी राहिले. दादा एका नव्या पोरीला अंतर मोजायला शिकवत होता. "हात लांब करून मूठ धर. ती झाली दहा अंश. करंगळी एक अंश. पुढे सगळं आकाश मुठीत." गोड बोलत होता. परक्यांशी नेहमीच गोड.

संपल्यावर गाठलं. "दादा, त्या शनिवारी अल्गोल झाकला जात होता. तू स्वतः लिहून ठेवलंयस पुस्तकात."

तो लेझर खिशात टाकत म्हणाला, "असेल."

"असेल? मग चारचौघांत मला का टाकून बोललास?"

"जाऊ दे ना गं. किती ताणशील?"

"एक डिसेंबरला रात्री आठ वाजता परत मंद होणार आहे. माझ्या बाल्कनीत ये. दोघं बघू."

"माझे गुडघे दुखतात."

गुडघे! वाचनालयाचे तीन मजले दर शनिवारी चढतो तेव्हा गुडघे माहेरी जातात का? वहिनीने त्याचा दंड धरला आणि नेलं त्याला. जाताना माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मीच त्याचा छळ मांडलाय.

१ डिसेंबर, सोमवार

आठ वाजता. बरोब्बर. हिशोब माझा, तारा माझा.

दादाला फोन केला. वहिनीने उचलला. "झोपलेत." आठ वाजता!

१३ डिसेंबर, शनिवार

ठरवलं. पुढचा मोका रविवार, एकवीस तारीख, रात्री पावणेदहा. गटाच्या मेसेजमध्ये टाकून मोकळी झाले: 'अल्गोल मंदावताना बघायचा असेल तर एकवीसला, रविवारी, साडेसातला गच्चीवर या. सरही येणार आहेत.' सगळ्यांनी अंगठे पाठवले. आता येईल नाही तर जाईल कुठे! सगळ्यांसमोर म्हणू दे – धाकटीचं बरोबर होतं. एवढंच हवंय मला. फक्त एवढंच.

नवरा म्हणाला, "सख्खा भाऊ आहे तुझा, कोर्टातला आरोपी नाही." त्याला काय कळतंय?

२१ डिसेंबर, रविवार

झोपायच्या आधी लिहिते.

दादा आला. ड्रायव्हरने त्याला गाडीतून आणलं. वहिनी तापाने झोपून होती म्हणे. पंधरा-सोळा माणसं जमली. साडेसातला आकाश स्वच्छ. मी सगळ्यांना शेजारचे दोन तारे दाखवले, तुलना कशी करायची ते सांगितलं. औषधवाली बाई वहीत टिपत होती. दादा कठड्याच्या कोपऱ्याला पाठ लावून बसला होता.

साडेआठला पहिला फरक सगळ्यांना दिसला. ड्रायव्हर म्हणाला, "ताई, मागे मी फार हसलो. चुकलंच." खरं तर तिथेच थांबायला हवं होतं.

नऊनंतर मागून ढग आले. आवाज नाही, वारा नाही. दहा-बारा मिनिटांत अख्खं आकाश राखेसारखं. एकही तारा नाही. लोक चुळबुळायला लागले, कुणी थर्मासमधला चहा काढला. मी नुसती चरफडत होते. माझा साक्षीदारच पळाला! मग वाटलं, नसू दे तारा, दादा तर आहे. तारा मंद होता एवढं त्याने कबूल केलं तरी पुरे.

मोठ्याने म्हटलं, "दादा, आता तूच सांग सगळ्यांना. कसा काय अल्गोल?"

दादा उठला. कोपऱ्यापासून मूठ मूठ करत हात वर नेला, लेझर लावला. स्वच्छ, गच्चीभर घुमणारा आवाज, मास्तरांचा असतो तसा:

"हा बघा. किती उतरलाय! शेजारच्या ताऱ्याहून जेमतेम वरचढ. आणि हा वर मिर्फाक, कसा लखलखतोय. आता बघा दोघांत किती फरक!"

हिरवी रेघ ढगाला जाऊन टेकली होती. तिथे नुसता एक हिरवट डाग.

शेवटी ड्रायव्हर अगदी हळू म्हणाला, "सर... ढग आहेत. मघापासून."

दादाचा हात तसाच वर. "कधीपासून?"

"झाली की दहा-पंधरा मिनिटं."

"अच्छा," दादा म्हणाला. "अच्छा, अच्छा." हात खाली आला, पण लेझर बंद करायचं सुचेना. माणसांच्या पायांवरून तो हिरवा ठिपका फिरत राहिला. मी जाऊन त्याच्या हातातून काढून घेतला. बोटं बर्फासारखी.

"आजचं झालं," मी सगळ्यांना सांगितलं.

जिना आम्ही दोघांनीच उतरला. तो ओठांतल्या ओठांत पायऱ्या मोजत होता. खाली आल्यावर भिंतीला हात लावून थांबला. माझ्याकडे तोंड होतं, पण किंचित चुकलेलं, माझ्या खांद्याच्या पलीकडे.

"झालं मनासारखं, धाकटे?"

२२ डिसेंबर

लॅबला दांडी. सकाळी थेट वहिनीच्या दारात. ताप बघितला नाही, पाणी विचारलं नाही, सरळ तोंड सुटलं. "किती दिवस? किती दिवस चाललंय हे नाटक?"

"दोन वर्षं," वहिनी म्हणाली. काचबिंदू. डोळ्यातला दाब वाढत गेला, कडेकडेने नजर विझत गेली आणि दुखलंखुपलं काहीच नाही, त्यामुळे कळलंच उशिरा. समोरचं अजून थोडं दिसतं. उजेडात पेपरचे मथळे वाचतात. तारे संपले. गेल्या वर्षीपर्यंत मोठे दिसायचे, आता फक्त चंद्र. घरी छताकडे हात करून सराव करतात – किती वाजता, कोपऱ्यापासून किती मुठी.

"आणि तू त्यांना साथ दिलीस!"

"मग काय करू?" आता तीही चिडली. "आठवड्यातले सहा दिवस पलंगावर पडून असतात. शनिवारी सकाळपासून शर्टाला इस्त्री. तो एक दिवस मी बंद करू? तू केला असतास?"

"मला सांगायचं तरी!"

"तुला तर मुळीच नाही म्हणाले. ती माझ्याकडून आकाश शिकायला आलीय, तिच्यासमोर तरी मान राहू दे म्हणाले."

दादा आतल्या खोलीत होता. दार लोटलेलं. सगळं ऐकू जात असणार. मी गेले नाही आत. राग आहेच! वीस माणसांना फसवलं, मला फसवलं, वर माझ्या डोळ्यांना नावं ठेवली. मी काय इतकी परकी होते?

आणि राग माझाही. सव्वीस वर्षं पांढऱ्याच्या छटा बघतेय, आणि समोरचा माणूस जिन्यात पायऱ्या मोजतो ते नाही दिसलं.

२४ डिसेंबर

संध्याकाळी साडेसहाला अल्गोल परत मंद. पाहिला. नुसता पाहिला.

२८ डिसेंबर, रविवार

वहिनी आली. हातात दादाची फाइल. "त्यांनीच दिलीय. स्वतः यायची हिंमत नाही होत." तिने पहिलाच कागद पुढे केला. दोन वर्षांपूर्वीची तारीख. तळाशी डॉक्टरांच्या अक्षरात एक ओळ, खाली दोन रेघा: हा आजार घराण्यात चालतो. भावंडांनी ताबडतोब तपासून घ्यावं.

मला समजायलाच वेळ लागला. भावंडं म्हणजे कोण? आम्ही दोघंच तर आहोत.

दोन वर्षं! त्याचा मान जपण्यासाठी दोन वर्षं ही ओळ कपाटात ठेवली! मी ओरडले. फाइल भिरकावली, कागद खोलीभर. नवरा धावत आला. वहिनी खाली बसून एकेक कागद गोळा करत होती, म्हणाली, "रात्रभर रडत होते. म्हणत होते, तिचं काही झालं तर मी जगणार नाही."

"सांग त्याला," मी म्हटलं, "या जन्मात माफ करणार नाही."

लिहिलंय ते खोडणार नाही. म्हटलं होतं मी तसं.

३ जानेवारी, शनिवार

दोन्ही डोळ्यांत आहे. डाव्यात बरंच पुढे गेलंय. डॉक्टरीणबाई "दोन वर्षांपूर्वी आला असतात तर..." म्हणाल्या आणि औषधाची चिठ्ठी लिहायला लागल्या. गेलं ते परत येत नाही, आहे ते टिकवायचं. आजपासून रोज थेंब.

बाहेर बाकावर वहिनी बसली होती. मी तिला म्हटलं, "दादाला सांग, तपासणी झाली. धाकटीचे डोळे ठणठणीत आहेत."