मुक्ताचा फलाट बदलला

अहो,

काल सगळ्यांत आधी कोण आलं, सांगा बघू! सूनबाई प्राचीची अ‍ॅमस्टेलव्हीनची मैत्रीण नव्हे, ती तर संध्याकाळी आली, तेही फोनवर फोन करून. आधी आले ते तुमचे इथले दोस्त, ट्रामवाले हेन्कभाऊ आणि त्यांच्या रियाबाई. दुपारी अडीच वाजता, न कळवता! आता या डच लोकांच्या देशात न कळवता कोण कुणाच्या दारात उभं राहतं हो? सख्ख्या भावाकडे जायचं तरी तीन आठवडे आधी डायरीत लिहून ठेवतात ही माणसं. मला वाटलं पार्सलवाला असेल. दार उघडते तर दोघं पायरीवर, नटूनथटून. हेन्कभाऊंनी ट्रामच्या नोकरीतला जुना निळा कोट चढवलेला, गळ्यापर्यंत बटणं लावून, भर जुलैत! आणि माझा हात धरून हलवतच सुटले, "खेफेलिसितेर्त! खेफेलिसितेर्त!" म्हणजे अभिनंदन. एवढं डच मला आता येतं.

पण कसलं अभिनंदन? तोवर काही झालंच नव्हतं की!

म्हणून तुम्हाला लिहायला बसले. तुम्ही जाऊन चार वर्षं झाली, चार वर्षांत एक ओळ खरडली नाही मी. चौथी शिकलेल्या बाईने पत्र लिहायचं म्हणजे हात आधी दुखतो, मन नंतर. पण कालचं हे आपल्या शिरीषला सांगितलं तर तो हसेल, आणि सूनबाई माझं बीपी मोजेल. उरला कोण? तुम्हीच. आणि खरं म्हणजे जाब तुम्हालाच विचारायचाय.

आधी मुक्ताचं सांगते. तुमची नात आता एकोणीस वर्षांची झालीय. तुमच्यासारखी उंच आणि माझ्यासारखी तोंडाळ. तुम्हाला आठवतंय ना, पुण्याहून इथे रायस्वाइकला आली तेव्हा नऊ-दहा वर्षांची होती, भाषेचा गंध नाही. आणि इथली रीत काय, तर अकरा-बारा वर्षांच्या लेकराला शाळाच सांगते, बाई, तुझी गाडी कुठवर जाणार. वरच्या शाळेतली पोरं युनिव्हर्सिटीत, मधल्या शाळेतली कामधंद्याच्या कॉलेजात. मुक्ताला मधली सांगितली. त्या मीटिंगला तुम्ही शिरीषबरोबर गेला होतात. दहाच मिनिटं देतात म्हणे आईबापांना! आणि तुम्ही उभे राहून मराठीत ठणकावलंत, "बाई, लिहून ठेवा. ही पोरगी वरच्या फलाटावर जाणार." ती मास्तरीण बिचारी नुसती हसली. शिरीष आठवडाभर तुमच्याशी बोलला नाही.

तर ती मधली शाळा झाली, मग ते कॉलेज. त्या कॉलेजाचं पहिलं वर्ष सगळ्या विषयांत निभावलं की तिथून युनिव्हर्सिटीत उडी मारता येते. मुक्ताने तीच उडी धरली. युनिव्हर्सिटीने जागा राखून ठेवली, पण अट घातली, एकही विषय राहता कामा नये. आणि तिचा एक राहिला! आकडेमोडीचा. परत परीक्षा दिली. निकाल या आठवड्यात कधीही येईल म्हणाले. नापास झाली तर जागा गेली, संपलं. दहा दिवस पोरगी जेवली नाही धड. फोन पालथा ठेवायची, सुलटा करायची, परत पालथा.

शिकणार काय म्हणाल तर देशादेशांचे संबंध. मी विचारलं, "म्हणजे काय गं?" तर म्हणते, "आज्जी, देश का भांडतात आणि कसं मिटतं, ते." मी म्हटलं, त्यात शिकायचं काय! तुझा आजोबा कऱ्हाडच्या एसटी स्टँडवर तीस वर्षं तेच करत होता. एकाने खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची, दुसऱ्याने दारातून चढून त्यावर बसायचं, आणि दोघांनी कंट्रोलरच्या खिडकीशी येऊन बोंब मारायची. तिने ते अर्जाच्या निबंधात लिहिलं! तुमचा रुमालवाला किस्सा, इंग्रजीत. त्यावर त्यांनी जागा राखली म्हणे. आहात कुठे!

बरं, काल. दोघांना आत घेतलं. घरात मी आणि मुक्ताच, तीच माझी दुभाषी. रियाबाईंनी पिशवीतून एक लांबोडकं कॅलेंडर काढलं आणि सरळ डायनिंग टेबलावर ठेवलं. मी ओळखलं ते! तुम्हीच नव्हता का एकदा त्यांच्याकडून तोंड वाकडं करत आलात, "अगं इंदू, यांनी कॅलेंडर संडासात टांगलंय!" इथे सगळ्यांकडेच असतं तसं. त्यात वार नसतो, साल नसतं, नुसत्या तारखा. आप्तेष्टांचे वाढदिवस लिहायचे, आणि रोज तिथे बसल्या बसल्या वाचायचे. एकदा लिहिलं की जन्मभर पुरतं.

तर ते संडासातलं कॅलेंडर, माझ्या चिवड्याच्या वाटीशेजारी! मी पटकन खाली वर्तमानपत्र सरकवलं. रियाबाईंनी जुलैचं पान उघडून बोट ठेवलं. आणि माझ्या अंगावर सर्रकन काटा आला हो. तुमचं अक्षर! तो शेपूट ओढलेला तीन. स्टँडवरच्या फळ्यावर लिहायचात तसंच, खडू दाबून लिहिल्यासारखं.

"मुक्ता. फलाट बदल. ३.१०"

तारीख कालची.

"हे दर वर्षी येतं," मुक्ता हेन्कभाऊंचं बोलणं मला सांगत होती. "त्यांना आपली लिपी वाचता येत नाही. पण या कॅलेंडरवर वाढदिवसच लिहितात, म्हणून त्यांना वाटलं, आपल्याकडे कुणाचातरी बर्थडे असणार. आजोबा गेल्यापासून येऊ येऊ म्हणतायत, पण अपॉइंटमेंटशिवाय कसं यायचं?"

"मग यंदा कसे आले, विचार."

मुक्ताने विचारलं. रियाबाईच बोलल्या. मुक्ता म्हणाली, "त्या म्हणतात, ते सकाळपासून कोट घालून बसले होते. सारखे म्हणत होते, चल, उशीर होतोय."

उन्हाळ्यातही या घरांत पायाखालून गारवा येतो. कालचा तसला नव्हता.

"आज्जी, काय लिहिलंय गं?" पोरीला मराठी बोलता येतं, वाचता कुठे येतं!

"तुझं नाव."

"आणि?"

"आणि काही नाही. आजोबांचं लिहिणं, दुसरं काय."

खोटं बोलले. पण सांगणार काय? ओव्हनवर हिरवे आकडे असतात घड्याळाचे, त्यात दोन त्रेचाळीस झाले होते. मला तुमचं ते आठवलं. नवीन लग्न झालेलं, मी डबा घेऊन स्टँडवर आले होते, आणि तुम्ही फळ्यावर गाडीची वेळ लिहीत होतात. मी म्हटलं, गाडी तर आली नाही अजून. तुम्ही म्हणालात, "आधी वेळ लिहायची असते इंदू. मग गाडी येते."

अहो, मी काय केलं माहितीये? त्या दोघांना उठूच दिलं नाही. इथे एक कॉफी आणि एक बिस्किट झालं की डबा बंद, पाहुणे उभे. मी चिवडा वाढला, दुसरी कॉफी ओतली, बेसनाचा लाडू काढला. तीनला रियाबाई पर्स घेऊन उठल्या, तर मी त्यांचा हात धरून खाली बसवलं. मुक्ता डोळे मोठे करून, "आज्जी! जाऊ दे ना त्यांना!" मी म्हटलं, "गप्प बस. दहा मिनिटं."

हेन्कभाऊ मात्र उठलेच नाहीत. तेही ओव्हनकडेच बघत होते.

तीन आठ. तीन नऊ. बाहेर समोरच्या पोरांचा चेंडू आपटत होता, तो थांबला. आणि आकडा बदलला, तीन दहा, आणि टेबलावर पालथा पडलेला मुक्ताचा फोन गुरगुरला.

तिने उचलला. वाचला. परत वाचला. आधी डचमध्ये काहीतरी ओरडली, मग इंग्रजीत, आणि मग माझ्या गळ्यात पडून मराठीत, "आज्जी, पास! मी युनिव्हर्सिटीत जाणार!" काय सांगू तुम्हाला! मी रडले, हसले, लाडवाचा हात तिच्या केसांना पुसला. रियाबाई टाळ्या वाजवतायत, त्यांना वाटलं हाच वाढदिवस! आणि हेन्कभाऊ शांतपणे उठले, कोट खाली ओढून सारखा केला आणि एकच शब्द बोलले.

"काय म्हणाले गं?"

मुक्ता डोळे पुसत हसली. "म्हणतात, वेळेवर."

संध्याकाळी शिरीष आला. मुक्ताने फोटो काढून ठेवला होता त्या ओळीचा, तो वाचून क्षणभर त्याचाही चेहरा उतरला. मग म्हणतो, "आई, ती शाळेची मीटिंग जुलैतच होती. अशाच वेळा देतात ते, तीन दहा, तीन वीस. बाबांनी तीच लिहिली असेल." असेलही हो. शिकलेला मुलगा आहे, त्याचं बरोबर असेल. मी हो म्हटलं आणि सगळ्यांना शिरा वाढला. एवढा आनंद घरात, कशाला फाटे फोडा!

पण शिरीषला मी पुढचं पान दाखवलं नाही.

मुक्ता तिच्या आईला फोन करायला आत पळाली होती, तेव्हा मी सहज पान उलटलं. ऑगस्ट. एकोणीस तारीख. तुमचंच अक्षर.

"इंदू. येणार."

आणि पुढे वेळेच्या जागी नुसती एक आडवी रेघ.

माझा वाढदिवस संक्रांतीच्या आगेमागे असतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. मग हे काय? कधी लिहिलंत? आणि मला न विचारता? पन्नास वर्षं संसार केला, भाजी कुठली आणायची तेसुद्धा विचारायचात, आणि हे मात्र परस्पर, तेही लोकांच्या संडासात!

घाबरले होते मी. कशाला खोटं बोलू? त्या रेघेकडे बघत बसले. आणि मग मला तुमचा शेवटचा फोन आठवला. त्या साली डॉक्टरांनी तुम्हाला विमान नको म्हटलं, मी एकटीच इथे आले. कऱ्हाडहून तुम्ही म्हणालात, "सावकाश ये इंदू. गडबड करू नको." मी खरंच सावकाश आले. पोचले तेव्हा तुम्हाला नेलेलं होतं. चार वर्षं ते माझ्या छातीत बसलंय. आले असते का दोन दिवस आधी? तिकीट होतं का? नव्हतं. तरी बसलंय.

पण काल पहिल्यांदा वाटलं, ती रेघ म्हणजे तेच असेल का? सावकाश ये? मुक्ताची वेळ मिनिटासकट लिहिणारा माणूस माझ्यापुढे वेळ लिहायला विसरेल होय!

रियाबाईंनी माझं बोट त्या तारखेवर पाहिलं. खुणेनेच विचारलं, कुणाचं? मी माझ्या छातीवर हात ठेवला. बाईंना कोण आनंद! माझा वाढदिवस समजून मला मिठीच मारली. हेन्कभाऊ मात्र माझ्याकडे बघून हळूच मान हलवत होते. हो म्हणून की नाही म्हणून, ते काही मला कळलं नाही.

मग मी काय केलं, ऐका. त्यांच्या कोटाच्या खिशातलं पेन मागून घेतलं. आयुष्यात तुमच्या वहीला कधी हात लावला नव्हता, तुमच्या फळ्याला तर नाहीच. पण काल लावला. त्या रेघेच्या पुढे, माझ्या चौथीच्या अक्षरात, स्टँडवर तुम्ही पुकारायचात तेच लिहिलं, "गाडी उशिरा धावत आहे." वेलांट्या चुकल्या असतील तर चालवून घ्या. कॅलेंडर ते परत घेऊन गेले, त्यांनाही लोकांचे वाढदिवस बघायचे असतात. तेव्हा आता तुमचं आणि माझं अक्षर शेजारी शेजारी, संडासाच्या भिंतीवर. दोष तुमचा!

आता शब्द देते तुम्हाला. मी येणार. तुम्ही लिहिलंय म्हणजे यावंच लागेल. पण मुक्ताची तीन वर्षं व्हायचीत. तो काळा झगा घालून ती स्टेजवर जाईल, तेव्हा तिच्या आजोबांचा रुमाल मी पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर टाकून ठेवणार आहे, तुमची जागा धरायला. ते बघितलं की निघते. मागे उशीर झाला तो न कळता झाला, हा सांगून करतेय. त्या कॅलेंडरला साल नसतं, माहितीये मला. दर वर्षी तारीख येईल आणि दर वर्षी मी तेच लिहीन. तुम्ही खिडकीत बसून राहा आणि कुणी विचारलं तर सांगा, येतेय, वाटेत आहे.

हेन्कभाऊ आणि रियाबाई परत येतो म्हणालेत, सफरचंदाचा केक घेऊन. येत्या एकोणीस ऑगस्टला, अडीच वाजता.

तुमची,
सावकाश येणारी
इंदू