आपांची साखर

६ नोव्हेंबर
सासूबाईंची, म्हणजे आपांची, साखर पुन्हा सतरा मिलिमोल. तीही उपाशीपोटी! सातच्या आत हवी. डॉ. रोझा माझ्याकडेच बघत होत्या — जणू मीच आपांना चमच्यानं साखर भरवते. "घरी लक्ष कोण देतं?" मी देते. शाळेत तीस पोरं हाकून आल्यावर मीच देते.

९ नोव्हेंबर
पुन्हा समजावलं. साखर रक्तात नुसती साचून राहते, इन्सुलिन तिला आत जायला दार उघडून देतं. आपा म्हणाल्या, "नोव्हेंबरात दार उघडं ठेवू नये, सूनबाई. आपल्या नारीन गावची थंडी आहे ही." आणि चहात जर्दाळूचा मुरंबा घातला.

१० नोव्हेंबर
मुरंबा लपवला.

१७ नोव्हेंबर
डॉ. रोझांनी डोस बारावरून अठरा युनिट केला. मी टोचते म्हटलं तर नाही. सुई खोलीत, कडी लावून. "तुझ्या सासऱ्यानंही मला कधी उघडं पाहिलं नाही, तू कोण?"
मग माझा नवरा मेलिस कुठून आला, असं अगदी जिभेवर आलं होतं. गिळलं.

२८ नोव्हेंबर
साखर एकोणीस. डोस वाढवला आणि साखरही वाढली! मेलिस म्हणतो, "आई आहे, ओरडू नकोस." तो दिवसभर ट्रक घेऊन बाहेर. ओरडायला मी एकटीच घरात.

१ डिसेंबर
आपांच्या पायाचा अंगठा शेगडीला टेकला होता. त्यांना कळलंच नाही. मला जळका वास आला. डॉ. रोझांनी जखम धुतली. बाहेर येऊन मला म्हणाल्या, "साखर उतरली नाही तर अंगठा कापावा लागेल. आज अंगठा, उद्या पाऊल."
आपा टॅक्सीत म्हणाल्या, "ही बाई फार बोलते."

३ डिसेंबर
बटाटे आणायला तळघरात उतरले. काकड्यांच्या बरण्यांमागे एक लोकरी मोजा. आत इन्सुलिनच्या कुप्या. सात! एकीचंही बूच टोचलेलं नाही. म्हणजे दवाखान्यातून मिळतं त्यातलं निम्मं त्या घेतच नव्हत्या.
तशीच वर आले. जे तोंडाला आलं ते बोलले. पाय सडवायचाय का? आम्हाला छळायचंय का? कुणासाठी साठवताय हे?
आपांनी माझ्या हातातून मोजा घेतला आणि भिंत धरत धरत खाली उतरल्या. परत ठेवायला.

४ डिसेंबर
मेलिसला सांगितलं. तो बराच वेळ बुटाची नाडीच सोडत बसला. मग म्हणाला, "मला एक बहीण होती. अनारा."
बारा वर्षं झाली लग्नाला. आज ऐकतेय.
नऊ वर्षांची होती. तिलाही हेच. सोव्हिएत संघ मोडल्यावर, त्र्याण्णवच्या हिवाळ्यात इथं इन्सुलिन येणंच बंद झालं. आपा कोळशाच्या ट्रकमध्ये बसून राजधानीत, बिश्केकला गेल्या, दारोदार फिरल्या. पाचव्या दिवशी दोन कुप्या घेऊन परतल्या. पोर आदल्या दिवशी गेली होती.
"त्यानंतर घरात कुणी तिचं नाव काढलं नाही," म्हणाला.
मी काल काय काय बोलले ते आठवत बसले.

६ डिसेंबर
औषधाच्या दुकानातून एक कुपी विकत आणली. आपांच्या देखत तळघरात नेऊन मोज्यात ठेवली. "आठवी," म्हटलं. "हा साठा कधी संपू द्यायचा नाही. तुमच्या वाट्याची मात्र पूर्ण घ्यायची."
आपा खोलीत गेल्या. कडी लावली नाही. थोड्या वेळानं हाक आली — "सूनबाई, अठरा भर. डोळ्यांना नीट दिसत नाही."