दिलेलं परत सांगायचं नाही

सोमवार, ३
कलाकारांच्या निवासात पोहोचले. स्टेशनपासून चौदा किलोमीटर, त्यातले शेवटचे दोन कच्च्या रस्त्याचे. खोलीला दोन खिडक्या, भक्कम टेबल, आणि रहदारीचा आवाज जवळजवळ शून्य. ध्वनिमुद्रण करणाऱ्या बाईला महिनाभर राहायला याहून चांगली जागा कुठे मिळणार? माझी चार खोकी बघून इथे राहणाऱ्या चित्रकाराने विचारलं, की काम करायला आलीस की दुकान टाकायला? कादंबरीकार बाई इथे अकरा वर्षं आहेत. सगळे त्यांना माई म्हणतात. त्या स्वतः खोकी उचलू लागल्या. माणसं बरी वाटतात.

मंगळवार, ४
इथे एक रीत आहे. चार वाजता चहाला एकाने दुसऱ्याला आपल्या आयुष्यातली एक खरी गोष्ट द्यायची. घेणारा ‘घेतलं’ म्हणतो आणि ती कामात वापरतो. दिलेलं परत सांगायचं नाही.
आज मी माईंना दिली. मी सात वर्षांची, ताई इस्त्री करत होती, मी मनगट टेकवलं. तीन सेंटिमीटरचा तिकोनी डाग राहिला. माझ्यापेक्षा ताईच जास्त रडली होती. माई ‘घेतलं’ म्हणाल्या, अगदी घास घ्यावा तशा. मी सगळं ध्वनिमुद्रित केलं, त्यांच्या परवानगीने.

गुरुवार, ६
डाव्या मनगटावर डाग नाही. दोन दिव्यांखाली पाहिलं. त्वचा गुळगुळीत.
मंगळवारचं ध्वनिमुद्रण ऐकलं. इस्त्रीची गोष्ट माईंच्या आवाजात आहे. शब्द माझे, श्वास घ्यायच्या जागा माझ्या. फाइलला कोणी हात लावलेला नाही, ते मी तपासलं.
ताईला फोन केला. ती म्हणाली, तू आणि भाजलीस? काहीतरीच काय! इस्त्रीच्या वाऱ्याला तरी उभी राहायचीस का?
चहाला माईंनी बाही सारली. डाग त्यांच्या मनगटावर होता. मी पट्टी लावून मोजला. तीन सेंटिमीटर.

शुक्रवार, ७
चित्रकाराला सरळ विचारलं. तो म्हणाला, मला भाऊ असावा, जुन्या फोटोत दोन मुलं आहेत. माईंना देऊन टाकला बहुतेक. बरंच झालं, भांडणं मिटली. हसत होता. डोळे हसत नव्हते.
माईंनी उद्यासाठी सांगून ठेवलंय: ताई हवी. अख्खी.
चित्रकार म्हणतो, पळ. का पळू? डाग माझा आहे. ताईने मला आईच्या मागे वाढवलं, ती काय उसनी द्यायची वाटी आहे? ताईला गाडी घेऊन रविवारी सकाळी यायला सांगितलंय. उद्या चहाला मी बसणार.

शनिवार, ८
माईंची सवय माझ्या लक्षात आली होती. हावरेपणाने त्या आधीच ‘घेतलं’ म्हणतात, ऐकतात नंतर. आजही तसंच. मग मी शांतपणे सांगितलं, की मला दोन ओळींपुढे लिहिता येत नाही. कधीच आलं नाही.
शुद्ध थाप. थापेत माझं काय जाणार?
सहा वाजता त्यांच्या खोलीतून कागद फाडल्याचा आवाज. मग पुन्हा. मग रडणं.
चित्रकार पहिल्यांदा खरं हसला.

रविवार, ९ — सकाळ
माई दाराबाहेर आहेत. ‘घेतलं’ म्हणतायत. मी काही दिलेलं नाही, तरी म्हणतायत. एकसारखं.
टेबल दाराला लावलंय.

७.४०
ताईच्या हनुवटीवर तीळ आहे. डावीकडे. — की उजवीकडे?
डावीकडे. मी दिलेलं नाही.

७.५५
ताईचा चेहरा धरून ठेवलाय. कपाळ जरा — चित्रकार बाहेरून ओरडला, की गाडी फाटकाशी आलीय, थांब, उघडू नकोस, आधी मी बघतो.

८.०५
दाराबाहेर ताईचा आवाज. दार उघड म्हणतेय. चढउतार अगदी तिचाच. पण मंगळवारचं ध्वनिमुद्रण मी ऐकलंय. आवाजावर विश्वास नाही.
मी ओरडले, ताई असशील तर मला चिडवताना काय म्हणतेस ते सांग.
बाहेरून नुसतं पुन्हा, दार उघड.
हसू आलं मला. म्हणजे ते अजून माझ्याकडे आहे. ते कोणाच्या बापालाही मिळणार नाही. फक्त मला माहीत आहे. ताई मला म्हणते —

ताई मला