सत्तावन्न किलोतल्या दोघी

सायखेडा,
९ जानेवारी २०२५

लाडक्या वेदूस,

इकडे आम्ही सगळे ठीक. शेजारचा हर्षल नोकरीसाठी दुबईला येतोय, त्याच्या हाती हे पत्र आणि आईचे नागलीचे पापड धाडतेय. तुझे फोटो बघून आई सारखी म्हणते, "लय वाळली व पोरगी! तिथं खायला देत नाय का?" पण लढत होईपर्यंत डबा उघडलास तर बघ.

पहिल्या प्रोफेशनल बॉक्सिंग लढतीला मी पाणी-टॉवेल घेऊन रिंगच्या तुझ्या कोपऱ्यात उभं राहावं, असं तू म्हणालीस. फोनवर मी विषय बदलला. आधी माझ्या शंका तरी फेड. डोक्याला हेडगार्ड नाही, म्हणजे कानांना वारा लागत असेल ना गं? राउंड दोनच मिनिटांचे, मग तुझं कसं व्हायचं? तू तर तिसऱ्या मिनिटाला जागी होतेस! आणि वजन आदल्या दिवशीच करतात म्हणे. मग नंतर पोटभर जेवता येतं?

वजनावरून निघालंच आहे, तर लिहूनच टाकते.

सहा वर्षांपूर्वीची नाशिकची निवड चाचणी. आपण दोघी सत्तावन्न किलोत, राज्य स्पर्धेसाठी जागा एकच. सकाळी काट्यावर मी किलोभर जास्त भरले आणि बाद झाले. तिथून तू पतियाळाच्या कॅम्पला गेलीस, ताश्कंदहून ब्राँझ आणलंस. प्रत्येक मुलाखतीत सांगतेस, "ताईनं माझ्यासाठी जागा सोडली." मी ऐकते, गावाचं कौतुक घेते आणि गप्प बसते.

वेदू, पहाटे घरच्या काट्यावर माझं वजन बरोबर होतं. चाचणीच्या हॉलमागच्या नळावर मी मुद्दाम बाटलीभर पाणी प्यायले, वर चार केळी खाल्ली. पण तुझ्यासाठी नाही. आठवडाभर आधी सरावात तुझा ठोसा माझ्या बरगडीखाली बसला, मी गुडघ्यावर आले आणि तू घाबरून "सॉरी ताई" म्हणालीस. तेव्हा कळलं, इतके दिवस तू हात राखून मारत होतीस. धाकट्या बहिणीकडून सगळ्यांदेखत हरायची मला भीती वाटली. त्याग कसला गं, मी पळ काढला. फार लाज वाटते.

तरी भांडी घासताना रोज मनात येतं, आपण दोघी खेळलो असतो तर मी तिन्ही राउंड टिकले असते का? खरं सांग, तुला काय वाटतं?

माझा पासपोर्ट आलाय. हे वाचूनही मी कोपऱ्यात हवी असेन, तरच बोलाव.

तुला भिऊन पळालेली,
ललिताई