न कळलेली ओळ

येलुवा
मंगळवार, १४ नोव्हेंबर

माझ्या आयिको,

आईचा प्रभूमध्ये सलाम, आणि एवढ्या लांबूनच तुझ्या डोक्यावर हात. तुझं पत्र पोचलं. अलुमा ड्रायव्हरने ते सीटखाली ठेवलं होतं, त्यामुळे डिझेलचा वास लागलाय, पण अक्षर न् अक्षर वाचता आलं. हे पत्रही त्याच्याच हाती देतेय. फोनवर हे बोलता येणार नाही. तुझा फोन आला की तुझे बाबा अंगणातून उठून जातात आणि खिडकीखाली येऊन उभे राहतात. त्यांना वाटतं, मला दिसत नाही.

इकडे सगळं ठीक. शेंगदाणे काढून झाले. तीळ अजून वाळतोय. लाल गाय व्याली, कालवड झाली. पंखवाल्या मुंग्या यंदा एवढ्या निघाल्या की टोपल्या पुरेनात. भाजून, मीठ लावून एक पुडी पाठवतेय, आणि डब्यात तीळ-शेंगदाण्याचं वाटण. डबा परत पाठव. आधीच्या डब्यांचं काय केलंस देव जाणे! दुकानात मशीनवर वाकून वाकून पाठ दुखते म्हणतोस. मग गाडीवरची चपाती आणि चहा यावर दिवस काढलास तर दुसरं काय होणार?

चांदिरू बरी आहे. बाळ गुटगुटीत आहे. मामाने शिवून पाठवलेलं पिवळं झबलं पोचलं. ती दोन महिने तुला उत्तर का देत नाही, असं विचारलंस. ते लिहिते पुढे.

पत्रात तू खरं तर एकच गोष्ट विचारली आहेस. डिसेंबरात आपल्या भाषेतल्या नव्या कराराच्या पुस्तकाचं अर्पण आहे, त्याला घरी येऊ का? म्हणतोस, मागे उभा राहीन, कुणाशी बोलणार नाही, दुसऱ्या दिवशीच्या बसने निघेन. अरे, कुणापेक्षाही तुझा हक्क जास्त आहे त्या पुस्तकावर. लूकचं अख्खं शुभवर्तमान तुझ्याच आवाजात भरलेलं आहे. ते ज्यात भरलंय तो उन्हावर चालणारा छोटा रेडिओ माझ्याकडे आहे अजून. उत्तर देते. पण आधी जे झालं ते सांगू दे, नाहीतर म्हणशील आईचं काळीज दगडाचं झालं.

बाबांचं भाषांतर ऐकायला आम्ही शाळेच्या पडवीत बसायचो ते आठवतं ना? पाच-सहा साधी माणसं. आधी काही सांगायचं नाही, नुसतं वाचायचं, आणि मग विचारायचं, काय ऐकलंत ते तुमच्या शब्दांत सांगा. एका जणाला जरी कळलं नाही तरी ती ओळ परत. मग बाबा तिच्याशी झटत बसायचे. त्या पक्षाघात झालेल्या माणसाला छप्पर उसवून खाली सोडतात, तो भाग वाचला तेव्हा मी विचारलं होतं, "आणि मग ते छप्पर शाकारून कुणी दिलं?" तू हसून हसून बाकावरून पडलास. बाबा म्हणाले, "ही बाई म्हणजे माझ्या भातातला खडा आहे." पण सगळ्यांना सांगत फिरायचे, की आयिकोच्या आईला कळलं म्हणजे सगळ्या जिल्ह्याला कळलं.

करिंथकरांस लिहिलेलं पत्र शेवटी राहिलं होतं. तपासायला नैरोबीहून वायरिमु बाई आल्या. मी चहा घेऊन आत गेले तेव्हा त्या बाबांना आणि पाळक आंद्रुआंना सांगत होत्या, "या ओळीतल्या मूळ शब्दांबद्दल विद्वानांचं एकमत नाही. कुणी म्हणतं, पोरांना नासवणारे. कुणी म्हणतं, पैसे मोजून माणसं वापरणारे. कुणी तुम्ही म्हणता तसं, पुरुषाशी संग करणारे पुरुष, असंही म्हणतं. जपून शब्द घ्या."

पाळक म्हणाले, "विद्वानांचं नसेल बाई, आमच्या गावाचं आहे एकमत."

आणि बाबा म्हणाले, "लोकांच्या तोंडातला शब्द घ्या, हे तुम्हीच शिकवलंत ना आम्हाला?"

घेतला त्यांनी लोकांच्या तोंडातला शब्द. कोणता, ते मी लिहिणार नाही. बाजारात पोरं तुझ्या मागे ओरडायची, तो. आपल्या दारावर कोळशाने लिहिला होता आणि मी राख लावून घासून काढला, तो. मी दार पुसलं आणि तुझ्या बाबांनी तोच शास्त्रात लिहिला.

मला आधी काहीच ठाऊक नव्हतं. चहाची किटली ठेवून मी माझ्या जागेवर बसले. बाबांनी वाचलं. देवाच्या राज्याचे वारस कोण होणार नाहीत, चोर, दारुडे, आणि त्यांच्यात तो शब्द. वायरिमु बाईंनी नेहमीसारखं विचारलं, "काय ऐकलंत? असा माणूस म्हणजे कुणासारखा?"

एयोरू मावशी किती भोळी ते तुला माहीत आहे. तिला प्रश्नाचं उत्तर आलं याचाच आनंद. "कळलं की! आपल्या आयिकोसारखा. ही काय त्याची आईच बसलीय!" बोलून गेली आणि मग जीभ चावली. बाकीच्यांनी माना डोलावल्या. सगळ्यांना कळलं होतं.

बाई माझ्याकडे वळल्या. "तुम्ही काय ऐकलंत, आई?"

"मला कळलं नाही."

बाबा म्हणाले, "काय कळलं नाही?"

"ओळ."

"अगं, लहान पोराला कळेल इतकी सोपी..."

"मग लहान पोराला विचारा. मला नाही कळली. पुन्हा वाचा."

त्यांनी पुन्हा वाचलं. मी म्हटलं, नाही कळलं. वायरिमु बाई वही मिटून म्हणाल्या, "एक जण नाही म्हणतंय. ओळ परत."

घरी आल्यावर तोंडाला तोंड लागलं. "मुद्दाम करतेस." "हो, करते." "देवापुढे खोटं बोलतेस." मी म्हटलं, "देवाला मी काय बोलायचं ते बोलेन. तुम्ही तो शब्द काढा." तेव्हा ते खाली बसले आणि काय म्हणाले ऐक. म्हणाले, "मी हे त्याच्यासाठीच करतोय. स्वतःच्या भाषेत वाचेल, त्याच्या काळजाला लागेल, आणि तो सुधारून घरी येईल."

मी म्हटलं, "काळजाला लागेल, एवढं खरं."

ते जेवले नाहीत त्या दिवशी. तुझे बाबा वाईट नाहीत, आयिको. वाईट असते तर मला किती सोपं गेलं असतं.

मग तेच चाललं. ते ओळीच्या कडेकडेचं बदलून आणायचे, शब्द तोच ठेवायचे, आणि मी म्हणायचे, कळलं नाही. अख्खा नवा करार एका ओळीशी येऊन अडला. छापखान्यातून निरोपावर निरोप. अर्पणाला कापायचे बैल ठरले, गाण्याच्या मंडळीने कापड घेतलं, आणि सगळ्यांच्या वाटेत मी बसलेली. पाण्याच्या पंपावर बायका म्हणायच्या, "आयिकोच्या आईचे कान गेले वाटतं!" पाळक घरी आले. "बाई, देवाचं वचन अडवून धरलंय तुम्ही." मी म्हटलं, "छे हो! मी अडाणी बाई, मला कळत नाही. नियम तुमचाच."

खरं सांगू? इतक्या वर्षांत मला एवढं बळ कधी आलं नव्हतं. ती ओळ जात नाही तोवर तुझं नाव त्यात जात नाही, असं वाटायचं. मला वाटायचं, मी दारात पाय रोवून उभी आहे आणि तू माझ्या पाठीमागे आहेस.

बुधवार

काल इथेच थांबले. पुढचं लिहायला हात होईना.

ऑगस्टमध्ये भाषांतर समितीने ठरवलं, की भाषांतर करणाऱ्याची बायको ऐकणाऱ्यांत चालत नाही. एवढी वर्षं चालली ती! मी म्हटलं, ठीक आहे, बसवा दुसरी. मनात म्हटलं, या गावात तुझ्या हातचं खाल्लेली, तुझ्याकडून कपडे शिवून घेतलेली इतकी माणसं आहेत, एखादं तरी माझ्यासारखं बोलेल.

माझ्या जागी चांदिरूला बसवलं, बाळा.

मी म्हटलं, अरे, मग ती कशी चालते? तर म्हणे, लग्न होऊन गेली, आता ती दुसऱ्या घरची. ते दुसरं घर कुणाचं, तुला ठाऊकच आहे. पाळकांच्या भावाचं. सख्ख्या बहिणीने कळलं म्हटलं की पुढे कुणाला बोलायला तोंड उरणार नाही, एवढा साधा हिशेब होता त्यांचा.

मी पडवीच्या खांबाला टेकून उभी होते. बाळ तिच्या मांडीवर. बाबांनी वाचलं, मान वर न करता. बाळ तिच्या गळ्यातले मणी ओढत होतं, तिने ते सोडवले, पुन्हा त्याने ओढले. माझा जीव नुसता कानात आला होता. मी मनात म्हणत होते, म्हण गं, म्हण. तीन शब्द आहेत. तुला त्याने कडेवर घेऊन वाढवलं, तापात तुला पाठुंगळी घेऊन दवाखान्यापर्यंत गेला तो. म्हण, मला कळलं नाही.

ती म्हणाली, "कळलं."

"काय ऐकलंत ते सांगा." तिने सांगितलं, नीट, एकेक. लहानपणापासून पाठांतर चांगलंच तिचं.

"असा माणूस म्हणजे कुणासारखा?"

"माझ्या भावासारखा."

बायकांनी आनंदाने किलकारी दिली. पुस्तक पुरं झालं होतं ना! कुणी बाबांचे हात धरून नाचवायला लागलं. ते नाचले नाहीत. वायरिमु बाईंनी वहीत खूण केली, आणि जाताना माझ्यापाशी थांबल्या. म्हणाल्या, "आई, सगळ्यांना कळलं असेल तर मला थांबवता येत नाही." मी म्हटलं, "तुमचा काय दोष? चहा घेऊन जा."

चांदिरू चुलीमागे आली माझ्याकडे. ओक्साबोक्शी रडली. "आई, सासरचे म्हणाले, भाऊ तसा, मग हिच्या रक्तात काय असेल, हिचं पोर कसं निघेल? बाळ ठेवून घेतील आणि मला परत पाठवतील गं!" मी बाळाला घेतलं आणि तिला रडू दिलं. तुझं पिवळं झबलं माझ्या पेटीत आहे. त्या घरात ते नेता येत नाही म्हणाली, पण बाळाला घेऊन जाण्याआधी इथे त्याला घालून बघितलं तिने. अगदी मापाचं झालं होतं. बघितलं, काढलं, घडी केली. तिच्यावर रागावू नकोस. रागवायचं तर रागव, पण मनात ठेवू नकोस. तिचं उत्तर आलं नाही ते यामुळे.

त्यानंतरच्या आठवड्यात मी पंपावर गेले. मागून कुणी म्हणालं, "चांदिरूची आई, तुमचा कॅन जरा सरकवा." मी तशीच उभी. मला कळेना कुणाला हाक मारतायत. दोनदा, तीनदा. मग एयोरू मावशीने दंडाला धरून बाजूला केलं. पहिल्या लेकराच्या नावाने बाईला हाक मारायची, ही आपली रीत. माझं पहिलं लेकरू तू. तू जन्मलास त्या दिवसापासून मला दुसरं नाव नाही. आता सगळं गाव मला चांदिरूची आई म्हणतं. कुणी ठरवलं, कधी ठरवलं, मला विचारलं नाही कुणी.

तर आता तुझं उत्तर.

येऊ नकोस.

आधी तो शब्द टवाळ पोरांचा होता. कुणी मोठं माणूस आलं की गप्प बसायची. आता ती म्हणतात, हे शास्त्रात आहे, आणि मोठी माणसं गप्प बसतात. गावचे अध्यक्ष परवा बाबांना भेटले. माणूस भला आहे, हळू आवाजात म्हणाले, "मास्तर, अशा माणसांना तुरुंगात टाकायचा नवा कायदा तुम्हाला माहीत आहे. तुमचा पोरगा आला तर मला पोलिसांना कळवावं लागेल. तो न आलेलाच बरा." बाबा घरी येऊन तसेच अंगणात बसून राहिले. मग मला म्हणाले, "मला वाटलं होतं, तो वाचून परत येईल." त्यांनी ज्या दारातून तुला बोलवायचं ठरवलं होतं, ते त्यांनीच बंद केलंय, हे त्यांना आता दिसतंय. त्यांना तू क्षमा कर असं मी सांगणार नाही. मलाच अजून जमलेलं नाही.

मागे उभा राहीन म्हणतोस. अरे सोन्या, या गावात तुला मागे उभं राहायलाही जागा उरली नाही. तुला हे लिहिण्यापेक्षा माझा हात झडला असता तर बरं, असं वाटतंय. पण तू जिवंत हवास मला. लांब, चिडलेला, उपाशीतापाशी, कसाही, पण जिवंत.

अर्पणाच्या दिवशी मला पहिल्या रांगेत बसवणार आहेत, मास्तरांची बायको म्हणून. एक प्रत हातात देतील. मी घेईन, त्यात तुझ्या बाबांची सगळी उमर गेली आहे. लूक वाचेन, कारण तो मला तुझ्या आवाजात पाठ आहे. आणि कुणी ती ओळ काढून विचारलंच, तर सगळ्या मंडळीसमोर सांगेन, मला कळली नाही. त्यांनी ऐकणाऱ्यांतली माझी जागा काढून घेतली म्हणून काय झालं? मला ती आजही कळलेली नाही आणि मरेपर्यंत कळणार नाही.

वाटण लवकर खा, खवट होईल. स्वेटर घाल.

या गावात आता कुणी म्हणत नाही, म्हणून इथे स्वतःच्या हाताने लिहिते,

आयिकोची आई