जूबलच्या पायाशी

प्रिय लव्हीना,

गेल्या रविवारी टेकडीवर थडग्यांची सजावट झाली. गवत उपटलं, मातीचे उंचवटे सारखे केले, फुलं वाहिली आणि झाडाखाली सगळे जेवायला बसले. आत्याने सात थरांचा सफरचंदी केक आणला होता. तू नव्हतीस. सहा वर्षं येत नाहीस, कारणही मीच. स्वतःसाठी आईशेजारची जागा राखावी असं तू म्हणालीस आणि मी नकाशा पुढे केला, तिथे त्या लहानशा दगडाखाली कुणाचं तरी अनामिक बाळ आहे म्हणून.

तो नकाशा मी एकट्याने काढलाय. शाळा आठवीत सुटली, मोजणी पुस्तकं वाचून शिकलो. १८०९ साली आपला मूळपुरुष जूबल फॅरो या खोऱ्यात आला आणि पहिल्याच हिवाळ्यात त्याने इथे बायको पुरली. तेव्हापासून एक्केचाळीस थडगी, सगळ्यांची डोकी पश्चिमेला, पाय उगवतीकडे. इंचन् इंच मोजलेलं.

तर मी बाळाच्या दगडापाशी फुलं ठेवत होतो आणि आत्या खुर्चीतूनच म्हणाली, "ऑर्विल, म्हाताऱ्याच्या पायांना आणखी किती वर्षं फुलं वाहणार आहेस रे?" मी म्हटलं, आत्या, हे बाळ आहे. "बाळ कसलं डोंबलाचं? जूबलच्या पायाकडचा दगड तो. माझा बाप आम्हाला त्यावर बसू द्यायचा नाही. एवढा मोठा मोजणीदार तू, आणि माणसाला पाय असतात हे विसरलास?" पाद्रीबाबासुद्धा पोट धरून हसले. मी नाही हसलो.

सोमवारी एकटाच ब्रश आणि लोखंडी सळई घेऊन गेलो. शेवाळाखाली जूबलच्या नावाची आद्याक्षरं निघाली. जुन्या थडग्यांना डोक्याशी मोठा आणि पायाशी लहान असे दोन दगड लावत; हा त्याच्या डोक्याकडच्या दगडापासून सरळ रेषेत सहा फूट एक इंच. पुढची रांग, आईची, नेमकी तिथेच सुरू होते, म्हणून तो त्या रांगेतला डोक्याकडचा दगड समजून फसलो. मग दगडापुढे सळई टोचली. एकदा खणलेल्या जमिनीत ती शंभर वर्षांनीही सहज उतरते. इथे वीतभर जाऊन अडली. ती जमीन कुणी कधी खणलेलीच नाही.

नकाशा नव्याने काढलाय, थडगी चाळीस. आईच्या उजव्या हाताला साडेतीन फूट रुंद जागा आहे, ती तुझी. चार खुंट्या ठोकून ठेवल्यात. वापरायची घाई करू नकोस, पण बघायला ये. टेप मी आणेन, मोजायचं मात्र तू. माझ्या मोजण्यावर विसंबू नकोस.

तुझाच चुकलेला भाऊ,
ऑर्विल