थांबेना ती खडूची रेघ

१२ फेब्रुवारी, गुरुवार. नाशिकरोड.

बॉयलरच्या पंख्याचं बॅलन्सिंग, म्हणजे नेमक्या जागी वजन लावून त्याची थरथर घालवणं, आज पहिल्यांदाच मी एकटीने करणार होते आणि नेमका कंपन मोजणाऱ्या माझ्या नव्या ॲनालायझरचा कोन टिपणारा सेन्सर बंद पडला. पाचपर्यंत जमलं नाही, तर काम बाहेरच्या माणसांकडे जाणार होतं.

आमचे जुने फिटर पगारेकाका. त्यांनी कपाटातून माझ्याहून वयाने मोठा ॲनालायझर काढला. "याला खडूची एक रेघ बास हाय, मॅडम." त्यांनी दिलेल्या खडूने मी पंख्याच्या शाफ्टवर रेघ ओढली. पंखा फिरला, कंपनाच्या ठेक्यावर ॲनालायझरचा दिवा लुकलुकला आणि फिरती रेघ घड्याळातल्या चारच्या आकड्याच्या जागी थांबल्यासारखी दिसली. चाचणीचं वजन लावून पुन्हा रेघेचा कोन घेतला, गणित केलं, त्यातून आलेलं खरं वजन बसवलं.

पंखा सुरू केला, तर रेघ थांबेचना. सैरावैरा भिरभिरत होती. चुकलंच, असं वाटलं. चेहऱ्यावर काही दिसू दिलं नव्हतं, तरी काका हसले. "घाबरता काय! कंपनच नाय उरलं, तर दिवा ठेका कुणाचा धरणार?"

मीटर पाहिला. काटा जवळजवळ शून्यावर. साडेचार वाजले होते.

हे मला आधी का सुचलं नाही?

"ठीक आहे," एवढंच म्हणाले मी. खडू मात्र परत दिला नाही. पर्समध्ये आहे.